तपासणी बाईच्या दारात: मांडवा, बार्शी आणि आपल्या वाड्या

गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हणे आता घरच्या घरी करता येते, टेबलावर झोपायला नको, डॉक्टरपुढे कपडे सोडायला नकोत, आणि निकाल फोनवर कळतो. हे खरं का? खरं आहे. काही देशांत सुरू झालंय, आपल्याकडेही त्याची तयारी होते आहे. पण ते आपल्या वाडीवर आलं तर काय करायचं, हे ठरवण्याआधी मागे काय घडलं ते माहीत हवं. त्यातला एक मोठा तुकडा आपल्या मांडव्यातच घडलेला आहे. म्हणून आज इतिहास सांगते.

आधी दोन शब्द आजाराबद्दल. गर्भपिशवीचं तोंड, म्हणजे पिशवी जिथे योनीमार्गात उघडते ती जागा. तिथला कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, त्याचं नाव एचपीव्ही. जर्मनीचे हाराल्ड झुर हाउसेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास हे दाखवलं, त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काही जणींत तो ठाण मांडून बसतो. मग दहा-पंधरा वर्षांत हळूहळू त्या जागेचा कॅन्सर होतो. म्हणजे हातात वेळ भरपूर असतो. तरीही भारतात २०२२ या एका वर्षात अंदाजे सव्वा लाख बायकांना हा आजार झाला आणि ८० हजारांच्या आसपास दगावल्या. वेळ हातात असताना एवढ्या बाया का जाव्यात, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचं एक जुनं उत्तर आहे. बाईला पुरुषापुढे अंग दाखवायचं नसतं. आनंदीबाई जोशी लग्नानंतर काही काळ अलिबागला होत्या, गोपाळराव तिथे पोस्टात नोकरीला होते. अभ्यासाची गोडी त्यांना त्याच दिवसांत लागली. पुढे १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी भाषण केलं. हिंदुस्थानात बायका-डॉक्टरांची गरज का आहे हा त्याचा एक मुद्दा होता: इथल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून त्रास सोसत राहतात. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात क्षयाने गेल्या. त्या भाषणाला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. अंगावरून पांढरं जात असेल तर आजही आपण आधी शेजारणीला सांगतो, मग मेडिकलमधून गोळी आणतो, आणि दवाखाना अगदी शेवटी.

या आजाराची पहिली तपासणी १९४० च्या दशकात पुढे आली. अमेरिकेत राहणाऱ्या पापानिकोलाउ नावाच्या ग्रीक डॉक्टरांनी दाखवलं की पिशवीच्या तोंडावरचे थोडे पेशी खरवडून काचेवर पसरले, तर कॅन्सर होण्याआधीच बिघाड दिसतो. तीच पॅप तपासणी. श्रीमंत देशांनी ती दर काही वर्षांनी सगळ्या बायकांना लावली आणि तिथली मरणं खूप खाली आली. आपल्याकडे ते जमलं नाही. कारण या तपासणीला टेबल लागतं, नमुना घेणारी शिकलेली बाई लागते, काच शहरात पाठवावी लागते, सूक्ष्मदर्शकाखाली ती वाचणारा तज्ज्ञ लागतो, निकालासाठी बाईला परत बोलवावं लागतं. यातली एक कडी तुटली की सगळं वाया. खेड्यात तर सगळ्याच कड्या तुटलेल्या.

आता मांडव्याकडे येऊ. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया नावाचे प्लास्टिक सर्जन होते. कुष्ठरोग्यांची वाकडी झालेली बोटं ते शस्त्रक्रियेने सरळ करत. पण एवढे रुग्ण इतके उशिरा आपल्यापर्यंत येतातच का, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. १९७३ साली त्यांनी आपल्या या भागात काम सुरू केलं. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. सरकारी आरोग्यसेवा खेड्यात का पोचत नाही ते बघायचं, आणि दुसरा रस्ता सापडतो का ते शोधायचं, असा हेतू होता. सुमारे ३० हजार वस्तीत हे काम चाललं. त्यासाठी त्यांनी त्या त्या गावातल्याच बायका निवडल्या. काहींना लिहिता-वाचता जेमतेम येत होतं. त्यांना गरोदर बाईची काळजी, बाळांचं लसीकरण, कुटुंबनियोजन, कुष्ठरोग आणि क्षयाचे संशयित ओळखणं हे शिकवलं. दिवसातला थोडा वेळ काम, थोडं मानधन.

त्या बायकांनी ते काम केलं, आणि चांगलं केलं. अंगावरचा बधिर डाग शोधायला पदवी लागत नाही. घरात शिरता यावं लागतं आणि समोरच्या बाईने पदर बाजूला करावा एवढा विश्वास लागतो. शहरातून आलेल्या डॉक्टरला तो विश्वास मिळायला सहा महिने लागतात, गावच्या बाईकडे तो असतोच. मांडव्याचा हा धडा मला सगळ्यात मोठा वाटतो. त्याच काळात, १९७० पासून, अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे हेच करून दाखवत होते. पुढे २००५ नंतर आशाताई आल्या. त्यांच्या मागे या जुन्या बायका उभ्या आहेत, हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत असेल. तुमच्या घरात कुणाच्या सासूने किंवा आजीने त्या वेळी मांडवा प्रकल्पात काम केलं असेल, तर तिला विचारा आणि लिहून ठेवा.

मांडव्याचा दुसरा धडा कडू आहे. साधारण दहा वर्षांनी काम थांबलं. बायकांना काम येईना म्हणून ते थांबलं नाही. डॉ. अँटियांनी नंतर लिहून ठेवलंय की गावातली हितसंबंध असलेली माणसं आणि पुढारी यांना ते खुपलं. गरीब घरच्या बायका हिशेब ठेवायला लागल्या, सरकारी दवाखान्यात जाऊन औषध का नाही असं विचारायला लागल्या, की कुणाला तरी ते सलतंच. बचतगट चालवणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. संस्था पुढे पुणे जिल्ह्यात परिंचे खोऱ्यात गेली आणि तिथे तिने गावच्या तायांना शिकवलं.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मात्र मांडव्याच्या कामाचा विषय नव्हता. तो धागा सोलापूर जिल्ह्यात बार्शीला सापडतो.

बार्शीत १९८७ साली एक नोंदवही सुरू झाली. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या मदतीने डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कॅन्सर झाला याची नोंद ठेवायची. भारतातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. मुंबईसारख्या शहरात नोंद ठेवणं त्या मानाने सोपं, रुग्णालयातली कागदपत्रं गोळा केली की झालं. खेड्यात माणूस रुग्णालयात जातच नाही, घरीच जातो, आणि दाखल्यावर कारणही लिहिलेलं नसतं. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणं सांगितली, अशी तक्रार कुणाला आहे का विचारलं, आणि असलीच तर तिला बार्शीच्या दवाखान्यात आणलं. तेव्हा कळलं की या भागातल्या बायकांत सगळ्यात जास्त कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा आहे. आणखीही एक गोष्ट दिसली. नुसतं बोलून, सांगून, काही वर्षांत बायका आजार लवकरच्या टप्प्यावर असताना यायला लागल्या. अजून कुठली मशीन नव्हती की मोठी तपासणी नव्हती. पाळी गेल्यावर रक्त दिसलं किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं तर थांबू नका, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मग आली व्हिनेगरची तपासणी. डॉक्टरी भाषेत व्हीआयए. सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ आपलं स्वयंपाकातलं व्हिनेगर, कापसाने पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघाड असेल तिथे पांढरा डाग उठतो. ना काच, ना तज्ज्ञ, निकाल तिथल्या तिथे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने १९९८ पासून हे करून पाहिलं. सुमारे दीड लाख बायका या अभ्यासात होत्या. तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, चार आठवड्यांच्या शिक्षणानंतर. दर दोन वर्षांनी एक अशा फेऱ्या झाल्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारी मरणं ३१ टक्क्यांनी कमी. दहावी शिकलेल्या बाईच्या हातून झालेलं हे काम सगळ्या जगाने पाहिलं.

त्याच सुमाराला बार्शीच्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, आणखी मोठा अभ्यास केला. त्यात फ्रान्समधल्या जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन हेही होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, आणि चार गट. एका गटाला पॅप, एकाला व्हिनेगर, एकाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, आणि चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरने ३४ गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ गेल्या. मरण निम्म्यावर आलं. एकदाच केलेल्या पॅपने आणि एकदाच केलेल्या व्हिनेगरने मात्र एवढा ठळक फरक पडला नाही. डोळ्याने बघण्याच्या तपासणीत नजर चुकते, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. विषाणूची तपासणी एकदाच केली तरी पुढची बरीच वर्षं सांगून जाते. ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्यांना पुढच्या आठ वर्षांत हा कॅन्सर क्वचितच झाला.

इथे थोडं थांबते. त्या ६४ बायकांबद्दल पुढे बराच वाद झाला. तपासणी उपयोगाची आहे हे श्रीमंत देशांत आधीच माहीत होतं, मग एका गटाला ती न देता बघत राहणं योग्य होतं का? संशोधकांचं म्हणणं, त्या काळी देशात कुठेच अशी सेवा नव्हती, त्यांना नेहमीचं मिळत होतं ते मिळालंच. माझं मत विचाराल तर, आकड्यांनी जगाचं भलं झालं हे खरं, पण मरण निम्म्यावर आलं म्हणताना दुसऱ्या निम्म्यातल्या बायका कोण होत्या ते विसरू नये. त्या परांड्या-भूमसारख्या कोरडवाहू मुलखातल्याच होत्या.

या निकालानंतर जगाची दिशा बदलली. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलं की २०३० पर्यंत ७० टक्के बायकांची वयाच्या पस्तिशीत आणि पंचेचाळिशीत चांगल्या दर्जाची तपासणी व्हावी. २०२१ मध्ये त्यांनी विषाणूची तपासणी पहिली पसंती म्हणून सांगितली. आणि घरच्या तपासणीचा रस्ता इथेच उघडतो. पॅपला पिशवीच्या तोंडावरचेच पेशी लागतात, ते आपले आपल्याला घेता येत नाहीत. विषाणू मात्र योनीमार्गातल्या नमुन्यातही सापडतो. मऊ ब्रशची किंवा कापसाची काडी आपणच आत घालायची, काही वेळा फिरवायची, काढून नळीत ठेवायची. न्हाणीघरात पडदा ओढून दोन मिनिटांचं काम. नीट मशीनवर तपासलं तर हा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तेवढाच भरवशाचा असतो. आपल्या देशात हैदराबादजवळच्या खेड्यांत हे आधीच करून पाहिलंय, बायकांना ते जमलं.

ज्या देशांत मूळचे आदिवासी लोक मागे राहिलेत, तिथे याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. न्यूझीलंडमध्ये माओरी बायका तपासणीला येत नसत. डॉक्टर बहुतेक गोरे, आणि पोटाखालचा भाग माओरींच्या मनात पवित्र. एका अभ्यासात त्यांना स्वतः नमुना घ्यायला दिला, तर तपासणी करणाऱ्यांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. सप्टेंबर २०२३ पासून तो देश सगळ्यांनाच हा पर्याय देतो. ऑस्ट्रेलियाने तो जुलै २०२२ मध्ये दिला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२४ पासून काडी टपालाने घरी येते. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा एका साधनाला परवानगी मिळाली: डॉक्टरशी फोनवर बोलायचं, नमुना घरी घ्यायचा, टपालाने पाठवायचा, निकालही फोनवर.

आपल्याकडे २०१६ पासून सरकारी धोरणात ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हिनेगरची तपासणी आहे, दर पाच वर्षांनी. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी ही तपासणी केली का, तेव्हा शंभरात दोघीसुद्धा हो म्हणाल्या नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या देशात बनलेल्या दोन एचपीव्ही तपासण्या सरकारी संस्थांनी पारखून योग्य ठरवल्या. त्यातली एक ज्या छोट्या मशीनवर चालते, ते ट्रूनॅट मशीन आशाताईंना क्षयाच्या थुंकीमुळे ओळखीचं आहे. आणि फोनवरच्या डॉक्टरसाठी २०१९ पासून ई-संजीवनी आहे, उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडम ती लावून देतात. म्हणजे काडी आहे, मशीन आहे, फोनही आहे. तिन्ही जोडण्याचं काम बाकी आहे.

आता आपल्या डोंगराकडच्या वाड्यांचं बघू. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी समाजांपैकी एक, बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल गेलं, कात गेला, आता वीटभट्टी आणि कोळशाची भट्टी. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, ती पावसाच्या तोंडावर भरते. लग्नं लहान वयात, बाळंतपणं जास्त, दवाखाना लांब, तोंडात मशेरी. ज्यांना तपासणीची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्यापर्यंत ती सगळ्यात कमी पोचते. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा वाड्यांसाठी फिरतं आरोग्य पथक आहे. त्या गाडीत या काड्या ठेवता येतील.

पण टपालाने डबा पाठवला की झालं, असं इथे चालणार नाही. फोन कुणाचा? बहुतेक घरांत नवऱ्याचा. निकाल त्याच्या कानावर पडला, त्यात विषाणू शरीरसंबंधातून येतो हे त्याने अर्धवट ऐकलेलं असलं, तर त्या रात्री काय होईल ते तुम्हीच जाणता. म्हणून निकाल बाईलाच, तिने सांगितलेल्या नंबरवर, हवं तर आशाताईच्या फोनवर. आणि सगळ्यांना आधीच सांगायचं की हा विषाणू कुणाच्याही अंगात असू शकतो, वीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही.

दुसरी भीती पिशवी काढण्याची. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती काढल्या गेल्या हे बघायला २०१९ साली सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. कॅन्सर होईल म्हणून घाबरवायचं आणि पिशवी काढायची, असं अनेक बायकांनी सांगितलं. तेव्हा नीट लक्षात ठेवा: काडीची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. विषाणू सापडला, एवढंच. पुढे डॉक्टर पिशवीचं तोंड बघतात. डाग असेल तर बहुतेक वेळा गोठवून किंवा उष्णतेने ती जागा जाळतात, काही मिनिटांत, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. पॉझिटिव्ह निकाल बघून कुणी लगेच पिशवी काढा म्हणालं, तर पैसे भरू नका, दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

उस्मानाबादेत मरण निम्म्यावर आलं ते नुसत्या तपासणीने आलं नाही. विषाणू सापडलेल्या बाईला बघायला, उपचार द्यायला बार्शीचा दवाखाना मागे उभा होता, आणि तिला तिथपर्यंत नेणारी माणसं होती. आपल्याकडे काडी वाडीवर आली तर तिच्या मागे कोण उभं राहणार, हे आधी ठरवावं लागेल. आमच्या ग्रामसंघात आम्ही त्याचं गणित मांडून बघितलं. काडी द्यायची तर आषाढात, लावणीच्या दिवसांत, कारण तेव्हा कातकरी बाया वाडीवर असतात. निकाल श्रावणात. ज्यांच्यात विषाणू सापडेल त्यांना गणपती ते दसरा या काळात अलिबागला न्यायचं, आशाताई आणि गटातली एक बाई सोबत, गाडीभाडं ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून. लाँच पावसात बंद असते, पण रो-रो चालते, तेव्हा कुणाला पुढे मुंबईला टाटात न्यावं लागलं तरी समुद्राचं कारण उरत नाही. आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एक जादा रकाना: दिवाळीनंतर कुठल्या भट्टीवर जाणार, कुठला तालुका, मुकादमाचा फोन.